किल्ल्या कुणाच्या कमरेला? मनोरुग्णालयातल्या शुश्रूषेचा इतिहास



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं मनोरुग्णालयात काय काम? आता बघा, 'माणूस' कुणाला म्हणायचं हा प्रश्न आम्ही आयुष्यभर फळ्यावर शिकवला. वॉर्डात मात्र तो रोज सकाळी ड्यूटी बदलते तेव्हा प्रत्यक्षात सोडवावा लागतो. समोरचा माणूस आंघोळ करत नाही, जेवत नाही, भिंतीशी बोलतो. त्याला हाताला धरून न्यायचं, ओढत न्यायचं, की थोडं थांबून विचारायचं? याचं उत्तर डॉक्टर देत नाही, कायदाही देत नाही. जो त्या क्षणी तिथे उभा असतो तो देतो. मला आज त्या उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आपल्याकडे कुणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणतात, "याला ठाण्याला पाठवा." पुण्याकडे "येरवड्याला पाठवा" म्हणतात, विदर्भात "नागपूरला". गंमत अशी की येरवड्याला तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात यातलं नेमकं कोणतं आहे हे पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसतं. हा निव्वळ भाषेचा गोंधळ नाही. इतिहासातच या दोन इमारती शेजारी आहेत. आपल्या सेनगाव, हिंगोली भागात कुणी येरवडा म्हणतं, कुणी नागपूर म्हणतं, कारण आपलं असं जवळचं नावच नाही. एकेकाळी होतं, जालन्याचं. ते लोक विसरले. त्याच्याकडे मी नंतर येतो.

मनोरुग्णालयांचा इतिहास लिहिताना साधारणपणे दोन गोष्टी लिहिल्या जातात. कोणता डॉक्टर कधी आला, आणि कोणता कायदा कधी झाला. दोन्ही महत्त्वाच्या. पण जरा हिशोब करा. डॉक्टर राउंडला येतो, एकेका रुग्णापाशी दोन-चार मिनिटं थांबतो आणि जातो. कायदा तर कपाटात असतो. उरलेला सगळा दिवस, आणि विशेषतः रात्र, रुग्ण कुणाच्या हाती असतो? ज्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो त्याच्या. तो माणूस कोण होता, त्याला काय शिकवलं होतं, काय पगार होता, तो कुणाला जबाबदार होता, यावर ती इमारत रुग्णालय आहे की कोंडवाडा हे ठरत आलं आहे.

सुरुवात शब्दापासून करू, आमच्या लोकांची ती खोडच आहे. 'शुश्रूषा' हा शब्द आपण सेवा या अर्थाने वापरतो. त्याचा मूळ अर्थ सेवा नाही. पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणण्याची इच्छा, मुमुक्षा म्हणजे सुटण्याची इच्छा. त्याच घडणीचा शुश्रूषा हा शब्द. 'श्रु' म्हणजे ऐकणे. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूजवळ राहतो, त्याचं हवं-नको बघतो, म्हणून पुढे सेवा हा अर्थ आला. ताप आलेल्याची सेवा न ऐकताही करता येईल एकवेळ. पण ज्याचं दुखणंच मनाचं आहे, त्याच्या बाबतीत मूळ अर्थ सोडला तर हातात काय राहतं? पुढचा सगळा इतिहास ऐकताना हे एवढं लक्षात असू द्या.

चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत. वैद्य, औषध, रोगी आणि उपस्थाता. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा, आजच्या भाषेत परिचारक. त्याचे चार गुण सांगितले: उपचारांचं ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. अनुराग हा शब्द बघा, नोकरीच्या जाहिरातीत आज तो कुणी घालणार नाही. मात्र म्हणून लगेच छाती फुगवायची गरज नाही. त्याच ग्रंथात उन्मादाच्या चिकित्सेत रोग्याला घाबरवण्याचे उपायही आहेत, दात काढलेला साप अंगावर सोडणं, चाबूक मारणं वगैरे. दोन्ही गोष्टी एकाच पुस्तकात आहेत, आणि दोन्ही सांगितल्या पाहिजेत.

आता एकदम १८८३ सालात या. महाराष्ट्राच्या इतिहासात परिचारकाचं नाव नोंदलं गेलेलं एक प्रकरण आहे, आणि ते भीषण आहे. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज. आपल्याला हे प्रकरण टिळक-आगरकरांमुळे माहीत असतं. महाराजांना वेड लागलं असं सरकारने ठरवलं. दिवाण बर्वे त्यांचा छळ करताहेत अशा आशयाचा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'त आला, त्यात छापलेली पत्रं बनावट निघाली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ साली दोघे संपादक डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांचं त्या एकशे एक दिवसांवरचं पुस्तक आपल्यापैकी काहींनी वाचलं असेल. शाळेत इतिहास इथे संपतो. दोन तरुण संपादक तुरुंगात गेले, बाहेर आले, मोठे झाले.

आणि तो राजा? तो विशीतला मुलगा होता. तो खरंच आजारी होता की नव्हता यावर तेव्हाही वाद होता. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. हाच तो किल्ला, जिथे पुढे १९४२ मध्ये नेहरूंना ठेवलं. महाराजांची देखभाल करायला सरकारने कुणाला नेमलं? गोऱ्या सैनिकांना. वैद्यकाशी संबंध नाही, भाषा येत नाही, समोरच्या मुलाची रीतभात माहीत नाही, अंगात ताकद आहे आणि हुकूम पाळायची सवय आहे, एवढीच पात्रता. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या शिपायाची आणि महाराजांची झटापट झाली. त्या दिवशी महाराज गेले. प्लीहा फुटून मृत्यू झाला असं सांगितलं गेलं. लोकांनी खुनाचा संशय घेतला आणि तो संशय पुढे कितीतरी वर्षं राहिला.

या प्रकरणावर राजकारणाच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय. मला वेगळा प्रश्न पडतो. समजा खुनाचा कट वगैरे काहीच नव्हता. समजा ग्रीन हा साधा, घाबरलेला, रागावलेला शिपाई होता. तरी काय बदलतं? चिडलेल्या रुग्णाजवळ कसं उभं राहायचं, किती अंतर ठेवायचं, आवाज कसा ठेवायचा, धरायचं झालं तर पोटावर दाब न देता कसं धरायचं, हे त्याला कुणीही शिकवलेलं नव्हतं. छत्रपतींच्या गादीवरच्या माणसाला असा परिचारक मिळाला. मग त्याच काळात वेड्यांच्या इस्पितळात पोलिसांनी आणून सोडलेल्या गरिबाला कोण मिळत असेल, याची कल्पना करा.

त्या इस्पितळांची हकीकत थोडक्यात सांगतो. मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये असं आश्रयस्थान सुरू झालं. १८५८ ला, म्हणजे बंडाच्या लगेच नंतर, वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला. नागपूरचं १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीला आणला गेला तेच हे वर्ष. सरकारच्या दृष्टीने नकोशी माणसं ठेवायला ते गाव दोन्ही अर्थांनी सोयीचं होतं. ठाण्याचं १९०१ चं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने झालेलं, त्यांच्या घराण्याच्या देणगीतून. ही इस्पितळं बराच काळ तुरुंगांच्या खात्याखाली होती. सुमारे १९०५ नंतर ती सिव्हिल सर्जनकडे आली. १९१२ चा लुनसी कायदा आला, आणि १९२० च्या आसपास 'असायलम' जाऊन 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी लागली.

पाटी बदलली, माणसं तीच राहिली. या इस्पितळांत काम करणाऱ्याला वॉर्डर म्हणत. तुरुंगातही वॉर्डरच. उंच भिंती, गजांच्या खोल्या, सकाळ-संध्याकाळ मोजदाद, जेवणानंतर चमच्यांची मोजदाद. काम काय, तर कुणी पळून जाऊ नये आणि कुणी कुणाला मारू नये. या दोन गोष्टी सांभाळल्या की वॉर्डर चांगला. रुग्ण बरा झाला का, हे त्याला कुणी विचारत नव्हतं. मग त्याने बरं करण्याचा विचार तरी कशाला करावा? मी त्या वॉर्डरना दुष्ट म्हणत नाही. अत्यल्प पगारावर, शंभर-शंभर माणसांच्या कोठडीत, रात्री कंदील घेऊन एकटा फिरणारा माणूस जवळ सोटा ठेवणारच.

युरोपात तेव्हा काय चाललं होतं ते पाहू, कारण आपल्याकडे पुढे जे आलं ते तिकडूनच आलं. तुम्ही एक प्रसिद्ध चित्र पाहिलं असेल. पॅरिसमध्ये डॉक्टर पिनेल उभे आहेत, वेड्या स्त्रीच्या साखळ्या काढल्या जाताहेत. मानसोपचाराच्या पुस्तकांत ते असतंच. हे चित्र घटनेनंतर कितीतरी वर्षांनी, १८७६ साली काढलेलं. पण बिसेत्रच्या पुरुषांच्या इस्पितळात लोखंडी साखळ्या काढल्या त्या पिनेलने नव्हे. त्या काढल्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ नावाच्या माणसाने, १७९७ साली. तेव्हा पिनेल दुसऱ्या इस्पितळात गेला होता. हा प्युसँ मूळचा चामडं कमावणारा. गंडमाळा झाल्या म्हणून बिसेत्रमध्ये रुग्ण म्हणून आला, बरा झाला आणि तिथेच कामाला राहिला. पुढे वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला, त्याची बायको मार्गरीतही सोबत काम करायची. नोकर रुग्णांना मारायचे, ते त्याने बंद केलं. कसं? बरे झालेले रुग्णच त्याने परिचारक म्हणून नेमले. ज्याने मार खाल्लाय तो सहसा हात उगारत नाही, असा त्याचा अनुभव. आणि पिनेलचा मोठेपणा असा की त्याने आपल्या ग्रंथात प्युसँकडून आपण शिकलो हे मोकळेपणाने लिहून ठेवलं. पुढच्यांनी मात्र चित्र काढताना मध्यभागी डॉक्टर ठेवला.

आमच्या क्षेत्रात फूको फार वाचतात. वेडाच्या इतिहासावरचं त्याचं १९६१ चं पुस्तक मोठं आहे, वादच नाही. पण त्यातही डॉक्टर आहे, इमारत आहे, विचार आहे, जवळ उभा राहणारा मात्र कडेला आहे. पुढे १९७३-७४ च्या व्याख्यानांत त्याने पहारेकरी आणि नोकर यांच्याकडे वळून पाहिलं. तेवढं श्रेय त्याला देऊ आणि पुढे जाऊ.

शिक्षणाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८८२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन इस्पितळात मनोरुग्णांच्या परिचारिकांसाठी शाळा निघाली. १८८५ मध्ये ब्रिटनमध्ये वेड्यांच्या परिचारकांसाठी एक लहानसं हस्तपुस्तक निघालं, लाल पुठ्ठ्यामुळे पुढे ते 'लाल पुस्तक' म्हणून ओळखलं गेलं. १८९१ पासून तिथे परिचारकांची रीतसर परीक्षा सुरू झाली. कोल्हापूरचे महाराज गेले त्यानंतर हे पुस्तक यायला दोन वर्षंही लागली नाहीत. म्हणजे ज्या देशाने ग्रीनला पाठवलं, त्याच देशात ग्रीनला काय शिकवायला हवं होतं हे लिहिलं जात होतं.

आपल्याकडे ते शिक्षण आलं, पण आधी कुणासाठी? रांचीला १९१८ साली युरोपियन लोकांसाठी वेगळं इस्पितळ झालं. तिथे १९२१ च्या सुमारास परिचारिकांसाठी तीन ते सहा महिन्यांचे वर्ग सुरू झाले. गोऱ्या रुग्णाला शिकलेली परिचारिका, काळ्या रुग्णाला वॉर्डर. पुढे १९४३ मध्ये मद्रास सरकारने मेंटल हॉस्पिटलमध्ये तीन महिन्यांचा अभ्यासक्रम काढला, तो पुरुष परिचारकांसाठी. बायकांना प्रसूतिशास्त्र शिकवायचे, पुरुषांना ते शिकवता येत नाही, मग त्या तीन महिन्यांत यांना काय द्यायचं? तर मनोरुग्ण. बाळंतपणाच्या जागी वेड! म्हणजे हा विषय अभ्यासक्रमात आला तोसुद्धा रिकामी जागा भरायला.

त्या काळातलं काम काय होतं हे नव्या पिढीला सांगायला हवं, कारण औषधं नव्हती हे आज पटत नाही. झोपेसाठी पॅराल्डिहाइड होतं, त्याचा उग्र वास वॉर्डभर आणि रुग्णाच्या श्वासाला कायमचा असे. व्हिएन्नात साकेलने १९३३ मध्ये इन्सुलिन कोमाची पद्धत आणली. रुग्णाला इन्सुलिन देऊन मुद्दाम बेशुद्ध करायचं आणि मग साखरेचं पाणी नाकातल्या नळीने देऊन परत आणायचं. डॉक्टर ठरवणार, पण त्या बेशुद्धीत तासन्‌तास शेजारी बसून नाडी बघणारी, घाम पुसणारी, श्वास अडकला तर धावणारी परिचारिका. थोडा उशीर झाला तर माणूस परत येत नसे. १९३८ मध्ये रोममध्ये विजेचे झटके आले. सुरुवातीला भूल नव्हती, स्नायू सैल करणारं औषध नव्हतं. झटका आला की हाडं मोडू नयेत म्हणून चौघांनी खांदे, कंबर, गुडघे धरून ठेवायचे. जबड्यात कापडाची घडी. ज्यांनी असे शेकडो रुग्ण धरले, त्यांच्या मनाचं काय झालं असेल, याची नोंद कुठल्या वहीत सापडायची?

यातली एक गोष्ट मात्र अभ्यासकांनी पुढे मान्य केली. इन्सुलिनने रुग्ण बरे होत होते असं वाटायचं, त्यातला मोठा वाटा इन्सुलिनचा नव्हताच. एरवी कोपऱ्यात पडलेल्या माणसाशेजारी आता एक प्रशिक्षित माणूस दिवसभर बसत होता, त्याला नावाने हाक मारत होता, शुद्धीवर आल्यावर भरवत होता. औषध मागे पडलं, पण त्या बसण्याचा हिशोब कुणी नीट केला नाही.

१९५२ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांवर वापरलं गेलं, आणि वॉर्डातला आरडाओरडा अक्षरशः थांबला. त्याच वर्षी हिल्डेगार्ड पेपलॉ या अमेरिकन परिचारिकेचं पुस्तक आलं, शुश्रूषेतल्या परस्परसंबंधांवर. तिचं म्हणणं असं की परिचारिका आणि रुग्ण यांचं नातं हेच उपचाराचं साधन आहे. ती काही डॉक्टरच्या हुकमाची टोकाची बोट नाही. हे हस्तलिखित तयार होऊन जवळजवळ चार वर्षं पडून होतं, कारण एका परिचारिकेने डॉक्टरचं नाव सोबत न घेता पुस्तक लिहावं हे प्रकाशनाच्या जगाला झेपेना. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी आल्या. गोळी जगभर पोचली. पेपलॉ मात्र नर्सिंगच्या पेपरात पाच मार्कांची टीप झाली. माझ्या हाताखालून गेलेल्या काही मुली पुढे परिचारिका झाल्या, त्यातली एक मला म्हणाली, "सर, आम्हाला पेपलॉचे टप्पे पाठ आहेत, पण रुग्णापाशी बसलं की सिस्टर विचारतात, काम नाही का तुला?"

हे वाक्य मी अनेक ठिकाणी सांगतो.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सगळ्या मिळून दहा हजारांच्या आसपास खाटा, म्हणजे ४० हजार माणसांमागे एक. इंग्लंडात हेच प्रमाण साधारण ३०० माणसांमागे एक. समितीने नुसत्या खाटा मागितल्या नाहीत, शिकलेली माणसंही मागितली. त्यातून १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आजचं निम्हान्स. तिथे परिचारिकांसाठी एक वर्षाचा मनोरुग्ण शुश्रूषेचा डिप्लोमा सुरू झाला. १९६५ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगमध्ये हा विषय सक्तीचा केला. डिप्लोमाच्या, म्हणजे जीएनएमच्या मुलींपर्यंत तो यायला ऐंशीचं दशक उजाडलं. आणि वॉर्डात सर्वांत जास्त वेळ असणारा जो कक्षसेवक किंवा परिचर, त्याच्या शिक्षणाचं काय? ते राहूनच गेलं. १९९९ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने देशभरातल्या ३७ मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा तुरुंगासारखी बांधणी अनेक ठिकाणी तशीच होती आणि मनोरुग्ण शुश्रूषेचं खास शिक्षण घेतलेल्या परिचारिका बहुतेक ठिकाणी नव्हत्या.

आता आपल्या घरचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचं मानसिक रुग्णालय आपल्या जालन्यात होतं. मराठवाडा अजून हैदराबाद राज्यातच असताना, १९५३ साली, ते हैदराबादला एर्रागड्डा भागात हलवलं गेलं. तीनच वर्षांनी, १९५६ ला, आपण हैदराबादपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आलो. म्हणजे रुग्णालय तिकडे राहिलं आणि आपण इकडे. राज्यात आज चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. येरवडा २५४० मंजूर खाटांचं, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. मराठवाड्याच्या वाट्याला शून्य. सेनगावहून येरवडा चारशे किलोमीटरहून लांब. चवताळलेल्या माणसाला घेऊन एसटीने तिथवर जाऊन पाहा म्हणजे अंतर कळतं.

मग इथल्या माणसांनी केलं काय? घरात ठेवलं. इथला मनोरुग्ण परिचारक म्हणजे आई. आई गेली की भावजय. किंवा बायको, जिला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. गोळी भाकरीत दडवून द्यायची, विहिरीकडे जाऊ नये म्हणून रात्री उंबऱ्यात आडवं झोपायचं, विळा-कोयता लपवायचा, पाहुण्यांना "तब्येत बरी नाही" सांगायचं. हे सगळं वॉर्डातलंच काम, फक्त ड्यूटी बदलत नाही. काही घरांत साखळीही होती, ती मी लपवत नाही. नुसत्या क्रौर्याने ती बांधली जात नाही. घरातली दोन माणसं रोजाने कामाला गेली की दिवसभर बघणार कोण, हा त्यामागचा हिशोब असतो.

आणि घराबाहेर देवस्थानं. बुलढाणा जिल्ह्यातलं सैलानी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, होळीच्या यात्रेला आपल्याकडूनही माणसं जातात. अशा ठिकाणांवर टीका करणं सोपं आहे आणि काही बाबतीत ती केलीच पाहिजे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडाने बांधलेली २८ माणसं गेली. पळता येत नव्हतं. पण लोक तिथे का जातात हेही पाहा. व्हिएदा स्कल्टन्स या अभ्यासिकेने महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून १९८७ मध्ये एक निबंध लिहिला. तिला काय दिसलं? आजारी मुलाला किंवा नवऱ्याला घेऊन बायका तिथे महिनोन्‌महिने राहतात. आणि अंगात येतं ते पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, त्या बाईच्या. मुलाचं दुखणं ती आपल्या अंगावर मागून घेते. वैद्यकशास्त्र याला काहीही म्हणो. शुश्रूषेचा भार एका बाईवर किती पडला होता, हे त्यातून दिसतं. आणि बाईच आजारी पडली तर? तिच्यासोबत राहायला पुष्कळदा कुणीच नसतं. मनोरुग्णालयांत बऱ्या होऊनही वर्षानुवर्षं राहिलेल्यांत बायका असतात, कारण घरचा पत्ता दिलाय तिथे कुणी दार उघडत नाही. त्यांची माहेरवाशिणीसारखी विचारपूस करणारी एकच व्यक्ती असते, वॉर्डातली सिस्टर.

घरच्यांना शत्रू न मानता सोबत घेणारी माणसंही आपल्या देशात झाली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉक्टर विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबूत रुग्णासोबत राहू दिलं. गर्दी होती, जागा नव्हती, त्या अडचणीतून ही कल्पना निघाली. आई शेजारी झोपते आहे म्हटल्यावर रुग्ण शांत व्हायचा, आणि आईला आजार काय असतो ते कळायचं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने मनोरुग्णांसाठी केंद्र काढलं तेव्हा घरचं माणूस सोबत हवंच, असा नियम केला. परिचारिकेचं काम तिथे बदललं. ती आता एका आजाऱ्याची नव्हे, एका घराची परिचारिका झाली.

कायद्याकडे शेवटी वळतो. मराठी पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. १९९३ मध्ये, लक्षात घ्या, तोवर ठेवत होते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने साखळीला पूर्ण बंदी घातली, एकांत कोठडीला बंदी घातली, भुलीशिवाय विजेचे झटके देण्याला बंदी घातली. रुग्णाला धरून किंवा बांधून ठेवायचं झालंच, तर तत्काळ इजा टाळायला दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, गरजेपुरता वेळ, आणि का बांधलं, कसं, किती वेळ, याची लेखी नोंद. नगरच्या किल्ल्यात ही नोंद कुणी ठेवली असती तर १८८३ चं कोडं आज उरलं नसतं.

अलीकडे जालन्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मंजुरी दिली. ज्या गावातून ते गेलं तिथेच परत येतंय, याचा मला आनंद आहे. तुम्ही लोक पुढाऱ्यांना विचाराल, इमारत कधी होणार, खाटा किती. विचारा. पण सोबत हेही विचारा की मनोविकृती परिचारिकांची पदं किती मंजूर झाली, ती कायमची आहेत की अकरा महिन्यांच्या कंत्राटाची, रात्रपाळीला एका वॉर्डात किती जणी असतील, आणि कक्षसेवकाला वॉर्डात सोडण्याआधी किती दिवसांचं शिक्षण देणार. सभेत असा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्याचं उत्तर तयार ठेवावं लागत नाही.

आणि ज्यांच्या मुली हिंगोली, परभणी, नांदेडला नर्सिंग करताहेत त्यांनी घरी एवढं विचारावं: सायकियाट्रीच्या पोस्टिंगला तुला कुठे पाठवतात, किती दिवस, आणि तिथे गेल्यावर रुग्णापाशी बसू देतात का? मला ती उत्तरं हवी आहेत. इथे आज काही मुली आलेल्या दिसतात, मागच्या रांगेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासूनच करू. माईक जरा मागे द्या.